मालक खूश, गाडी गॅरेजमध्ये

२०१५च्या ऑगस्टमध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकन मासिकाने टेस्लाच्या ‘मॉडेल एस पी८५डी’ या गाडीला शंभरपैकी १०३ गुण दिले. छपाईची चूक नव्हती. गाडी इतकी वेगवान आणि त्याच वेळी विजेच्या बाबतीत इतकी काटकसरी निघाली, की मासिकाची मोजपट्टीच तोकडी पडली आणि ती पुन्हा आखावी लागली. दोनच महिन्यांनी, ऑक्टोबरात, याच मासिकाने मॉडेल एसची शिफारस मागे घेतली. मधल्या काळात सुमारे १,४०० मालकांनी भरलेल्या प्रश्नावल्या तपासून झाल्या होत्या. मोटरचा भाग, चार्जिंगची उपकरणं, डॅशबोर्डवरचा अवाढव्य पडदा, कुरकुरणारं आणि गळणारं छत, अशा तक्रारींची यादी बरीच लांब होती. बातमी आली त्या दिवशी टेस्लाचा शेअर गडगडला.

पण त्या मालकांना आणखी एक प्रश्न विचारलेला होता. पुन्हा गाडी घ्यायची वेळ आली तर हीच घ्याल का? ९७ टक्के लोक म्हणाले, नक्की घेऊ.

एकाच गाडीबद्दल तिच्याच मालकांची ही दोन उत्तरं. पहिल्याप्रमाणे गाडी सरासरीहून डावी, दुसऱ्याप्रमाणे तिच्यासारखी दुसरी नाही. आणि यात कुणी खोटं बोललेलं नाही. पहिल्या उत्तरात मालक गाडीबद्दल सांगत होता, दुसऱ्यात बराचसा स्वतःबद्दल.

दसरा ते पाडवा या दिवसांत आपल्याकडच्या शोरूममध्ये ‘ग्राहक समाधानात नंबर वन’ असे फलक हटकून लागतात. शेजारीही मोठ्या आत्मीयतेने सांगतात, ‘डोळे झाकून घ्या, आम्ही एकदम खूश आहोत.’ दहा-बारा लाख रुपये, त्यातले बरेचसे कर्जाऊ, या शब्दांवर लावायचे की नाही? मला विचाराल तर मालकाच्या गाडीचं काय झालं, हे सांगणारं सर्वेक्षण सोन्यासारखं असतं. मालकाला कसं वाटतं, हे सांगणाऱ्याचा उपयोग फार थोडा, आणि जाहिरात ज्या कामासाठी ते पुढे करते त्या कामी तर जवळजवळ नाहीच. अडचण अशी, की दोन्ही एकाच नावाने विकली जातात.

या धंद्याचा मूळपुरुष जेम्स डेव्हिड पॉवर. मोटार कंपन्यांसाठी बाजाराचे अंदाज काढण्याचं काम त्याने आधी केलं होतं. साहेबांना आवडेल तेवढंच वर पोचतं, हे पाहून तो वैतागला आणि १९६८मध्ये त्याने दक्षिण कॅलिफोर्नियात आपलं दुकान थाटलं. दुकान म्हणजे घरातलं स्वयंपाकघराचं टेबल. बायको ज्युली आलेल्या उत्तरांची मोजदाद करी, मुलं प्रश्नावलीवर पंचवीस सेंटचं नाणं चिकटवत. नाणं हातात पडलं की माणसाला फुकट गप्प बसणं जड जातं. पहिलं मोठं गिऱ्हाईक टोयोटा, जी तेव्हा अमेरिकेत कुणाच्या खिजगणतीत नव्हती.

पॉवरचं नाव झालं ते १९७३मध्ये, माझ्दामुळे. माझ्दाच्या रोटरी इंजिनाचं तेव्हा फार कौतुक चाललं होतं. पॉवरने त्या गाड्यांच्या मालकांना पत्रं पाठवली. उत्तरं लावताना ज्युलीच्या लक्षात आलं, की एकच तक्रार पुन्हा पुन्हा येतेय. इंजिनातली रबरी सील, मेकॅनिक जिला ओ-रिंग म्हणतात, ती जात होती. तीस ते पन्नास हजार मैल धावलेल्या गाड्यांपैकी पाचातल्या एकीचं इंजिन बिघडलं होतं. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली आणि डेट्रॉइटपासून जपानपर्यंत सगळ्यांना कळलं, की मालकाला विचारणं ही गंभीर गोष्ट आहे.

ज्युलीच्या हातातले कागद मालक खूश आहेत की नाराज, हे सांगत नव्हते. किती मैलांवर काय मोडलं, ते सांगत होते. रोटरी इंजिनाचे मालक तसे शौकीन. गाडी आवडते का, असं विचारलं असतं तर त्यातल्या पुष्कळांनी होच म्हटलं असतं असं मला वाटतं.

पुढे वारं फिरलं. १९८४मध्ये सुबारूने अमेरिकेतल्या सुपर बोल सामन्याच्या वेळी केलेल्या जाहिरातीत पॉवरच्या क्रमवारीचा दाखला दिला, आणि जी माहिती कारखान्यासाठी होती ती गिऱ्हाइकाला दाखवायची पदकं झाली. मोटार कंपन्या पॉवरकडून तपशीलवार आकडे विकत घेतात आणि पदक जाहिरातीत मिरवायचं असेल तर त्याचेही पैसे मोजतात. २००५मध्ये पॉवरने कंपनी मॅकग्रॉ-हिलला विकली. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याची परीक्षा होते तोच निकालाचा गिऱ्हाईक, एवढं ध्यानात असावं. याच्या अगदी उलट ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’. १९३६पासून चालत आलेली ही संस्था जाहिराती घेत नाही, परीक्षेच्या गाड्या स्वतःच्या पैशाने, नाव न सांगता विकत घेते आणि आपलं नाव कुणाला जाहिरातीत वापरू देत नाही. तिचे सभासद दर वर्षी तीनेक लाख गाड्यांची हकिकत लिहून कळवतात.

पॉवरच्या मोजणीचं एकक आहे दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी. एक अभ्यास गाडी घेतल्यावर नव्वद दिवसांनी होतो, दुसरा तीन वर्षांनी. तीन वर्षांच्या गाड्यांचा २०२४चा अमेरिकेतला निकाल पाहा. सगळ्या कंपन्यांची सरासरी १९०, पहिल्या आलेल्या लेक्ससचे १३५. फलकावर हे अंतर डोंगराएवढं दिसतं. शंभराने भागलं तर एका गाडीमागे वर्षभरात जेमतेम अर्ध्या तक्रारीचा फरक. यादीच्या मधल्या भागात तर कंपनी-कंपनीत दहा-वीसचं अंतर असतं, म्हणजे पाच-दहा गाड्यांमागे एक तक्रार. त्यावरून पाचवी चांगली आणि बारावी वाईट ठरवणं हा शुद्ध भाबडेपणा आहे.

शिवाय तक्रार म्हणजे काय? गिअरबॉक्स बदलावा लागला, ही एक तक्रार. फोन गाडीच्या पडद्याला जोडला जात नाही, हीदेखील एकच. २०२४च्या त्या अभ्यासात सर्वांत जास्त तक्रारी अँड्रॉइड ऑटो आणि अ‍ॅपल कारप्ले नीट जोडले जात नाहीत, याच्याच होत्या. २०११मध्ये फोर्ड कंपनी नव्वद दिवसांच्या क्रमवारीत पाचव्या क्रमांकावरून थेट तेविसाव्यावर घसरली. गाड्या रस्त्यात बंद पडू लागल्या होत्या असं नाही. ‘मायफोर्ड टच’ हा नवा टचस्क्रीन लोकांना वापरता येईना आणि नव्या गिअरबॉक्सची चाल अनेकांना खटकत होती. गिअरबॉक्सबद्दलची कुरकुर पुढे खरी ठरली, पडद्यावरचा राग मात्र सॉफ्टवेअर बदलल्यावर ओसरला. क्रमवारीने दोन्हींना एकाच तागडीत तोललं होतं.

याहून मजेदार हकिकत हमरची. २००३मध्ये नव्वद दिवसांच्या त्याच अभ्यासात हमर तळाला गेली. मालकांची मुख्य तक्रार काय, तर गाडी पेट्रोल फार पिते. जवळजवळ तीन टनांचं, लष्करी गाडीच्या वळणाचं धूड हौसेने विकत घ्यायचं आणि तीन महिन्यांनी विचारायचं, अ‍ॅव्हरेज का देत नाही! आपल्याकडच्या माणसाने हे आधी विचारलं असतं. ‘किती देते?’ हा आपला राष्ट्रीय प्रश्न आहे, मारुतीने त्यावर आख्खी जाहिरात बेतली होती. अर्थात आपणही वेगळ्या जागी फसतो. पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत प्रयोगशाळेच्या रोलरवर गाडी फिरवून निघालेला आकडा आपण सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये शोधत बसतो आणि तो सापडला नाही की गाडीला नावं ठेवतो. गाडी तीच, इंजिन तेच. ज्याने आकड्यावर विश्वास ठेवला तो नाराज, ज्याने आधीच चार-पाच वजा केले तो खूश.

समाधान हे असं असतं. विपणनशास्त्रात रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८०मध्ये याची मांडणी केली: गिऱ्हाईक वस्तूला अपेक्षेशी ताडून पाहतं, आणि वस्तू अपेक्षेच्या वर गेली की खाली राहिली, यावर त्याचं समाधान ठरतं. शास्त्र म्हणून ही गोष्ट साधी वाटते, पण भारतीय आकडे वाचताना ती विसरून चालणार नाही. आपल्याकडे गाडी घेणाऱ्यांत आयुष्यातली पहिलीच गाडी घेणारे फार मोठ्या संख्येने असतात. पावसात भिजत, दोन मुलांना पुढे-मागे बसवून दुचाकीवर हिंडलेल्या कुटुंबाला डोक्यावर छप्पर आणि एसी मिळाला की दार बंद होताना पत्र्याचा कसा आवाज येतो, हे ऐकायला सवड नसते. तेच कुटुंब सात वर्षांनी दुसरी गाडी घेतं तेव्हा प्लास्टिकला नख लावून पाहतं. म्हणून स्वस्त गाडीचा मालक महाग गाडीच्या मालकापेक्षा जास्त समाधानी आढळला, तर त्यात नवल नाही आणि त्यावरून गाड्यांबद्दल फारसं काही कळतही नाही.

गाडी घेतली की माणूस बदलतो, तो भाग वेगळाच. १९५६मध्ये जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाने काही बायकांना टोस्टरसारख्या घरगुती वस्तूंना पसंतीचे गुण द्यायला लावले, मग दोहोंपैकी एक वस्तू निवडून घरी न्यायला सांगितलं आणि पुन्हा गुण विचारले. निवडलेल्या वस्तूचे गुण वाढले, सोडलेल्याचे घटले. वस्तू वापरायला अजून सुरुवातही झाली नव्हती! पुढच्याच वर्षी लिऑन फेस्टिंगरचं मनातल्या विसंगतीवरचं प्रसिद्ध पुस्तक आलं आणि त्याच सुमारास त्याच्या विचारांवर आधारलेला एक अभ्यास थेट मोटारींवर झाला. नुकतीच गाडी घेतलेले लोक कोणत्या जाहिराती वाचतात, ते तपासलं गेलं. घेतलेल्या गाडीची जाहिरात ते आवर्जून वाचत होते. ज्या गाड्यांचा विचार करून त्या सोडून दिल्या, त्यांच्या जाहिराती त्या मानाने कमी वाचत होते. पैसे मोजून झाल्यावर जाहिरात कशाला वाचायची? कारण तेव्हाच तिची खरी गरज असते.

मिशिगन विद्यापीठात नॉर्बर्ट श्वार्झ आणि जिंग शू यांनी केलेलं काम मला यापेक्षाही बोलकं वाटतं. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात गाडीवाल्यांना विचारलं होतं, की गाडी चालवताना तुम्हाला सर्वसाधारणपणे कसं वाटतं. गाडी जितकी महाग, तितकं उत्तर छान. मग काहींना प्रश्न बदलून विचारला: अगदी अलीकडे गाडी चालवलीत, त्या वेळी कसं वाटत होतं? इथे गाडीच्या किमतीचा आणि आनंदाचा संबंधच उरला नाही. ऑफिसला जाताना माणूस रहदारीचा, उशिराचा, फोनवर झालेल्या भांडणाचा विचार करत असतो, सीटच्या चामड्याचा नाही. फक्त मजा म्हणून मारलेल्या चकरेत महाग गाडी पुन्हा पुढे सरकली. समाधानाची सर्वेक्षणं बहुतेक वेळा पहिलाच प्रश्न विचारतात.

* * *

गाडीचा किती आणि बाकीच्याचा किती, हे वेगळं काढायची एक सोय मोटार उद्योगाने नकळत करून ठेवली आहे. एकच गाडी दोन बिल्ले लावून विकणं.

कॅलिफोर्नियात फ्रीमाँट इथे जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी १९८४पासून भागीदारीत एक कारखाना चालवला. त्यातून टोयोटा कोरोला आणि जिओ (पुढे शेवरोले) प्रिझम या बहिणी बाहेर पडत. कामगार तेच, इंजिन तेच. तरीही जुन्या बाजारात प्रिझमला कोरोलाइतका भाव येत नसे, आणि ही गोष्ट कळलेली चतुर माणसं प्रिझम शोधून शोधून घेत. (हाच कारखाना २०१०मध्ये टेस्लाने घेतला, वर सांगितलेल्या मॉडेल एस तिथेच बनलेल्या.)

आपल्याकडे चाकणच्या कारखान्यातून फोक्सवॅगन व्हेंटो आणि स्कोडा रॅपिड अशाच निघत. पुढे मारुतीची बलेनो २०१९मध्ये टोयोटाची ग्लान्झा होऊन आली. त्या वेळी मारुती दोन वर्षं किंवा ४० हजार किलोमीटरची वॉरंटी देत होती, टोयोटाने त्याच गाडीवर तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर दिली. अशा जोडीतल्या एका गाडीचे मालक दुसरीपेक्षा खूश निघाले तर ते श्रेय इंजिनाचं असूच शकत नाही. ते वॉरंटीचं, वर्कशॉपचं, काउंटरवर बसलेल्या माणसाच्या वागण्याचं आणि काही प्रमाणात बिल्ल्याच्या रुबाबाचं. या गोष्टी फालतू आहेत असं मुळीच नाही, गाडीसोबत आपण त्याही विकत घेतो. पण वर्कशॉप हे कंपनीचं नसून डीलरचं असतं. कोल्हापूरच्या डीलरने उत्तम काम केलं म्हणून देशभराची सरासरी वर गेली, तर नांदेडच्या गिऱ्हाइकाला त्याचा काय फायदा?

आणि वर्कशॉपच्या समाधानाचे आकडे येतात कुठून? सर्व्हिसिंगला गाडी दिलेल्या प्रत्येकाला हे संभाषण तोंडपाठ असेल. बिल होतं, किल्ली हातात येते, आणि सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आवाज जरा खाली आणून म्हणतो, ‘सर, कंपनीतून फोन येईल. दहापैकी दहा द्या हं. नऊ दिले तरी आमचं इन्सेन्टिव्ह जातं.’ काही ठिकाणी तर कशाला किती गुण द्यायचे याचा छापील नमुना काउंटरवर काचेखाली ठेवलेला असतो. डीलरच्या भाषेत याला पीएसएफ कॉल म्हणतात. ज्याची परीक्षा त्यानेच परीक्षकाच्या घरी जाऊन गुण मागून आणावेत, तसा हा प्रकार. पोराच्या पगाराचा प्रश्न आहे म्हटल्यावर आपल्याला नाही म्हणवत नाही. आदल्याच आठवड्यात वायपरचा आवाज जसाच्या तसा ठेवून गाडी परत दिलेली असते. तरी आपण फोनवर दहा म्हणून मोकळे होतो.

नऊ दिले तर काय बिघडतं, याचं उत्तर २००३च्या डिसेंबरमध्ये सापडतं. फ्रेड राइकहेल्ड यांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये लेख लिहून सांगितलं, की कंपनीने गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारावा: तुम्ही आमची शिफारस कराल का, शून्य ते दहा? नऊ आणि दहा देणारे आपले प्रचारक, सात-आठवाले काठावरचे, सहा आणि खालचे निंदक. जगभरच्या कंपन्यांनी ही कल्पना उचलली, मग तिच्यावर पगार आणि बोनस टांगला, आणि काही जण आणखी पुढे जाऊन नऊलाही नापास करू लागले. गुण मागून घेण्याच्या प्रथेवर पुढे खुद्द राइकहेल्ड यांनीच टीका केली. माझ्या दृष्टीने भारतातल्या सर्व्हिस-समाधानाच्या आकड्यांना लागलेली ही सर्वांत मोठी कीड आहे. पॉवरसारख्या बाहेरच्या संस्थेचा सर्व्हे डीलरच्या फोनपेक्षा नक्कीच वेगळा आणि स्वच्छ. पण ‘दहा म्हणजे ठीकठाक’ अशी सवय वर्षानुवर्षं लावलेल्या गिऱ्हाइकाचीच मतं त्यालाही मिळतात.

पॉवरच्या भारतातल्या सर्व्हिस-समाधानाच्या क्रमवारीत २०००पासून पुढे दीड दशकाहून अधिक काळ मारुती सुझुकी सलग पहिली येत राहिली. २०१७मध्ये हजारपैकी ९२३ गुण मिळवून ह्युंदाईने तिला मागे टाकलं. त्या एका वर्षात मारुतीच्या गाड्यांचं किंवा मेकॅनिकांचं काही बिनसलं होतं का? एवढ्या दाट गर्दीतले गुण वर्षागणिक वर-खाली होणारच. माझी मुख्य शंका दुसरीच आहे. हा सर्व्हे साधारण एक ते दोन वर्षं वयाच्या गाड्यांच्या मालकांना विचारतो. म्हणजे गाडी वॉरंटीत, मोफत सर्व्हिस नुकत्याच संपलेल्या किंवा संपत आलेल्या, मोठं बिल अजून आलेलंच नाही. सहाव्या वर्षी क्लच, सस्पेन्शन आणि एसीचा कॉम्प्रेसर एकामागोमाग निघतात तेव्हा निम्मे लोक अधिकृत वर्कशॉप सोडून ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे गेलेले असतात आणि पार्टसाठी नाना पेठ किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड धुंडाळत असतात. त्यांना फोन कोण करणार?

मतं मोजण्याच्या उद्योगाची सर्वांत मोठी नाचक्की जर्मनीत झाली. एडीएसी हा १९०३पासूनचा तिथला मोटारवाल्यांचा क्लब, सभासद कोटीच्या घरात. ‘जर्मनांची आवडती गाडी’ म्हणून तो पिवळ्या देवदूताचं पदक द्यायचा. २०१४च्या जानेवारीत फोक्सवॅगन गोल्फला ३४,२९९ मतांनी विजयी घोषित करायचं ठरलं होतं. ‘झ्युडडॉइचे त्साइटुंग’ या दैनिकाने उघड केलं, की खरी मतं होती ३,४०९. आकडा दसपट फुगवलेला! प्रसिद्धिप्रमुखाला जावं लागलं, पुढच्या महिन्यात अध्यक्षही गेले, मोटार कंपन्यांनी पदकं परत केली. गंमत अशी, की याच क्लबकडे १९७८पासूनची एक खणखणीत गोष्ट होती आणि आहे: रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांची नोंद. सभासदाचा फोन येतो, पिवळी गाडी घेऊन मेकॅनिक जातो, कोणतं मॉडेल, कोणत्या वर्षाचं, बॅटरी गेली की स्टार्टर, हे टिपून ठेवतो. यात कुणाला काय वाटलं, याला जागाच नाही. लोकांना आवडती गाडी विचारायला गेले तिथे अब्रू गेली. टो करून आणलेल्या गाड्या मोजत राहिले ते आकडे आजही लोक उघडून बघतात.

आपल्याकडे असा सर्वांना वाचता येणारा बिघाडांचा ताळेबंद नाही, आणि मला ती सर्वांत मोठी उणीव वाटते. कायद्याने एक छोटं पाऊल टाकलं आहे. २०१९च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सरकारला सदोष गाड्या परत बोलावण्याची सक्ती करता येते. २०२१च्या एप्रिलपासून लागू झालेल्या नियमांनुसार सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाडीत एकच दोष ठरावीक संख्येने मालकांनी नोंदवला, तर चौकशी सुरू होते. हे एका अर्थाने दात असलेलं सर्वेक्षण. आपण मात्र तक्रार सरकारी नोंदीत घालण्याऐवजी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घालतो.

मालकाला ठाऊकच नसतं असंही पुष्कळ काही असतं. २०१४च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या सुरक्षा-चाचणी संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळून पाहिल्या: अल्टो ८००, नॅनो, आय१०, फिगो आणि पोलो. एअरबॅग नसलेल्या या पाचही मॉडेलना मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. त्या वेळी या गाड्यांचे लाखो मालक समाधानी होते आणि त्यांचं समाधान प्रामाणिक होतं. पण आपली गाडी आदळल्यावर कशी वागते हे बहुतेकांना सुदैवाने कधीच कळत नाही, त्यामुळे समाधानाच्या आकड्यात ते उतरत नाही. तसंच कंपनीच्या भवितव्याचं. २०१७च्या अखेरीस जनरल मोटर्सने भारतात शेवरोले विकणं थांबवलं, पुढे तळेगावचा कारखानाही बंद झाला. २०२१च्या सप्टेंबरात फोर्डने इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. फोर्डच्या मालकांइतके गाडीवर जीव टाकणारे लोक मी थोडेच पाहिलेत. त्यांची आपुलकी खरी, पण गाडी विकताना भाव पडला तो पडलाच.

मग समाधानाच्या सर्व्हेत काहीच राम नाही का? आहे, पण तो गुणांत नसून कारणांत आहे. इंजिन बसलं की नाही, हे विचारायला समाधान कुचकामी. मागच्या सीटवर मांडीला आधार मिळतो का, स्पीडब्रेकरला पोट घासतं का, रात्री दिव्यांचा उजेड पुरतो का, बटणं शोधावी लागतात का, हे मात्र वर्षभर वापरलेला माणूसच सांगू शकतो. शोरूमभोवतीच्या पंधरा मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये हे कळत नाही. आणि उत्तर देणारा आपल्यासारखा हवा. जीप रँग्लरचं उदाहरण घ्या. अमेरिकेत बिनबिघाडाच्या यादीत ती वर्षानुवर्षं खाली आणि ‘पुन्हा हीच घेऊ’ म्हणणाऱ्यांत वर. ती घेणाऱ्याला दगडधोंड्यांतून जायचं असतं, आवाज आणि हादरे ही त्याच्या हौसेचीच बाजू. रोज ठाण्याहून बीकेसीला जाणाऱ्याने त्याच्या समाधानावर विसंबून रँग्लर घेतली तर पाठीचा डॉक्टर आधी गाठावा लागेल.

सर्व्हे हाताशी नसेल तर माझा भरवसा पिवळ्या नंबरप्लेटवर. टोयोटाची क्वालिस २०००मध्ये आली तेव्हा ती जुनाट आणि खोक्यासारखी म्हणून हिणवली गेली. टूरवाल्यांनी मात्र ती डोक्यावर घेतली, आणि २००५मध्ये कंपनीने इनोव्हा आणून ती बंद केली तेव्हाही ती धडाक्यात खपत होती. टूरवाल्याला गाडी आवडते का, हे विचारू नका. क्लचप्लेट किती किलोमीटरला गेली, बुश किटला किती पडले, पार्टसाठी गाडी किती दिवस उभी राहिली, असं विचारा. तो लाख-दीड लाख किलोमीटरचा हिशेब जिभेवर ठेवून असतो. फक्त त्याची गाडी बहुधा सीएनजीवर, बेसिक मॉडेलची आणि रोज पळणारी असते, तुमची शनिवार-रविवार निघणारी, हा फरक आपला आपण धरायचा. घरच्या मालकालाही हेच प्रश्न विचारता येतात. ‘खूश आहात का?’ऐवजी ‘मागच्या वर्षभरात सर्व्हिसिंग सोडून किती वेळा वर्कशॉपला गेलात?’ असं विचारलं, की बढाई बाजूला पडते आणि माणूस आठवू लागतो.

आता इलेक्ट्रिक गाड्यांबाबत हा सगळा गोंधळ पुन्हा सुरू होतोय. मालक विलक्षण खूश असल्याचं सगळीकडून कानावर येतं, आणि ते खरंही असावं. पण सुरुवातीला ही गाडी घेणारे कोण होते? बहुतेक स्वतःचं पार्किंग असलेले, तिथे चार्जर बसवू शकणारे, लांबच्या प्रवासाला घरात दुसरी पेट्रोलची गाडी असलेले. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, पार्किंग लॉटरीने मिळणाऱ्या आणि चार्जरच्या एनओसीसाठी सोसायटीच्या कमिटीचे उंबरठे झिजवणाऱ्या माणसाला त्यांचं समाधान उसनं घेता येणार नाही. बॅटरीचं तर आपल्याकडे फारसं कुणाला सांगता येत नाही, कारण तेवढ्या जुन्या गाड्या फार थोड्या. पुण्याजवळच्या रांजणगावहून निघालेल्या नेक्सॉन ईव्हीची विक्री २०२०च्या सुरुवातीला सुरू झाली, बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देऊन. त्या पहिल्या गाड्यांची मुदत २०२८मध्ये संपेल. तेव्हा त्या एका चार्जवर किती धावतात आणि जुन्या बाजारात त्यांना किती भाव येतो, ते त्या वर्षी मालकांना विचारावं लागेल.